पौषातली भोजली

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. शाळेच्या हजेरीपटापासून तिच्या तेरवीच्या पत्रिकेपर्यंत ते नाव मी पाहिलेलं आहे. पण आमच्यात ते घ्यायचं नसतं. आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, छत्तीसगडच्या अंगाला. तिथल्या मुली श्रावणात टोपलीत माती आणि शेणखत भरून गहू पेरतात आणि टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. ऊन लागत नाही म्हणून रोप हिरवं न होता पिवळंधमक येतं. त्याला भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्यावर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला जायचं आणि उरलेली चार पाती जिच्या कानावर खोवायची ती आपली जन्माची मैत्रीण. त्या दिवसापासून ती आपल्याला भोजली म्हणणार, आपण तिला भोजली. तिची आई ती आपली आई, तिच्या घरचं सुतक आपल्याला. चुकून कधी नाव तोंडून गेलंच, तर गाठ सुटली असं समजतात. मग नारळ फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा एकमेकींना भरवायचा आणि गाठ पुन्हा बांधायची. आम्ही दोघींनी परकर नेसायच्या वयात भोजली बदलली आणि नारळ फोडायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. उत्तरेत जाईपर्यंत तरी नाही.

उत्तरेत कसं गेलो याची फार मोठी गोष्ट नाही. तिचे वडील वनरक्षक. त्यांच्या कुणा साहेबांनी सांगितलं की हिमाचलाच्या डोंगरात मुलींचं एक कॉलेज आहे, बाहेरच्या राज्यातल्या मुलींना तिथं जागा मिळते, राहणं-खाणं सरकारी. तिच्या आईनं अट घातली, भोजली जाईल तर ही जाईल. माझ्या आईनंही तेच म्हटलं. झालं. आईनं पत्र्याच्या डब्यात जवसाची चटणी दिली, मोहफुलं भाजून तिळात कुटलेले लाडू दिले, एक दुलई दिली आणि बजावलं, "तिकडं थंडी असते मन्ते. डोक्याले बांधून ठेवत जा." थंडी म्हणजे आईला काय ठाऊक होती? पौषात धान चुरून झालं की अंगणात शेकोटी, पायाखाली धानाचं तणस, वर दुलई, एवढीच आम्हाला ठाऊक होती. आता इथं गडचिरोलीला जरा पारा उतरला की माझी सून कानटोपी घालून गिझर लावते आणि म्हणते, "आई, काय थंडी पडून राह्यली." मी काही बोलत नाही. बोलले तर हे सगळं सांगत बसावं लागेल.

दिवाळीपर्यंत बरं चाललं. मग एका सकाळी मी न्हाणीत गेले तर बादलीतल्या पाण्यावर काच. बोटानं दाबली तर टचकन फुटली. आम्ही दोघी त्या काचेचे तुकडे हातात धरून हसलो. आठवड्यानं हसणं संपलं. नळ गोठायचे. खोबरेल तेलाची बाटली काखेत धरून बसावं लागे. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल काढला की पापडासारखा ताठ, भिंतीला टेकवला तर उभा राही. बर्फ पडला की सगळे आवाज बंद होत. आमच्या गावात आवाज नाही असा क्षण नसतो, कुठं ढेकीवर भात कांडणं चालू असतं, कुठं बैलाच्या गळ्यातलं लाकूड वाजतं. इथं बाहेर सगळं मुकं, आणि मधूनच पत्र्यावरून बर्फ घसरला की धप्प. प्रत्येक वेळी मी दचके आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "काई नाई भोजली, बरफ होय." आमची खोली उत्तरेकडची, उन्हाचं नखही लागत नसे. पण दोन्ही खाटा जोडल्या होत्या, दुलई एक होती, आणि मला खरं सांगायचं तर त्या थंडीचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

मग तिच्या पायाची बोटं सुजली. लाल झाली, खाजायला लागली, बूट घालवेना. वॉर्डनबाईंनी पाहिलं आणि हुकूम सोडला, हिला दक्षिणेकडच्या खोलीत हलवा, पद्माकडं. पद्माचं नाव तेवढं आपल्याकडचं. बाकी ती पार वरची, मोठ्या खिंडीपलीकडची. गोरी, गालावर लाली, रुंद हातांची, आणि हात कायम गरम. बर्फ उपसून आली तरी गरम. तिनं पहिल्याच संध्याकाळी सलगम उकळून त्या कोमट पाण्यात माझ्या भोजलीचे पाय बुडवले, पुसले, सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल चोळलं आणि लोकरीच्या मोज्यांत घातले. मी दारात उभी राहून पाहत होते. तिचे पाय मी कितीदा पाहिले होते, तळ्यावर, बांधावर, चिखलात. ते आता दुसरीच्या मांडीवर होते. मी जळले. साफ सांगते, गोल गोल बोलायची मला सवय नाही. त्या वेळी मला माझ्या पायांचासुद्धा राग आला, कारण ते सुजले नव्हते. दोन दिवस मी मुद्दाम बिनमोज्यांची, अनवाणी व्हरांड्यातून फिरले. बोटं काही सुजली नाहीत. सर्दी झाली, आणि सर्दीला वॉर्डनबाई खोली देत नसत.

सूज उतरली तरी ती परत आली नाही. "उद्या येतो," म्हणायची. उद्या म्हणजे कधी ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी संध्याकाळी त्यांच्या खोलीत जाऊन बसे. जाणार नाही असं ठरवून जाई. त्या दोघींचं बोलणं चाललेलं असे आणि ते कशाबद्दल, तर रस्ता बंद होण्याबद्दल. पद्माच्या गावची खिंड बर्फानं बंद झाली की सहा-सहा महिने उघडत नसे. आत राहिले ते आत, बाहेर राहिले ते बाहेर. आणि माझी भोजली लहानपणी भामरागडला राहिलेली, वडिलांची नोकरी तिथं होती तेव्हा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तिथलाही रस्ता असाच मिटायचा. "हम लोग भी चावल, नमक, मिट्टी का तेल पहले ही भर के रखते थे," ती सांगे. "हम लोग भी," पद्मा म्हणे. मग कोण कधी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण कसं अडलं, पहिली गाडी आली तेव्हा लोक कसे धावले. "हाँ, हाँ, वैसा ही." हे 'वैसा ही' मला सुईसारखं टोचे. मी कधी कुठं अडकून पडलेच नव्हते. आमचं गाव सडकेवर. भामरागडच्या त्या गोष्टी तिनं मला कधी सांगितल्या नव्हत्या, आणि मी विचारल्याही नव्हत्या, कारण मला वाटायचं, तिचं जे काही आहे ते सगळं मला ठाऊक आहे.

आणि चटणी. माझ्या आईची जवसाची चटणी पद्माला आवडली. ती आपल्या खारट लोणीवाल्या चहाबरोबर ती खायची. चहाबरोबर! माझ्या भोजलीनं डबा तिच्या खोलीतच नेऊन ठेवला होता. मी एकदा म्हटलं, "माह्या मायनं इतक्या दूर डबा धाडला तो हिच्यासाठी नाई." ती म्हणाली, "तुही माय ते माही माय. मी कोनाले देऊ ते मी पाहीन." कायदा तिच्याच बाजूचा होता. मी माझ्या खोलीत आले, मोकळ्या खाटेवर आपली पुस्तकं पसरली आणि असं दाखवलं की मला जागा हवीच होती.

हिवाळ्याची लांब सुट्टी लागली. मुली घरोघर गेल्या. आम्हाला जायचं तर जाण्यायेण्यातच सुट्टी संपली असती, आणि पद्माची खिंड बंद. उरलो तिघी. वॉर्डनबाईंनी लाकडं वाचवण्यासाठी बाकी खोल्यांना कुलपं लावली आणि आम्हाला एकाच मोठ्या खोलीत टाकलं, जिथं बुखारी होती. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. माझ्या मनात काय आलं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, आता एकाच खोलीत आहोत, आता पाहू. तीन खाटा लावताना मी चटकन मधली धरली. पहिल्याच दिवशी त्या दोघी माझ्या डोक्यावरून बोलायला लागल्या.

तो पौष होता. सकाळची वेळ. पद्मा लाकडं आणायला खाली गेली होती आणि माझी भोजली बादली घेऊन बर्फ भरायला, नळ गोठले की आम्ही बुखारीवर बर्फच वितळवत असू. मी राख काढायला वाकले तर बुखारीच्या मागं, भिंतीच्या कोपऱ्यात, टोपली पालथी घातलेली दिसली. उचलली. खाली तुपाचा रिकामा डबा, डब्यात माती, आणि मातीत बोटाएवढी रोपं. पिवळीधमक. अंधारात वाढवलेली, ऊन न लागू दिलेली. दुसऱ्या कुठल्याही गावची मुलगी असती तर म्हणाली असती, अरे वा, काय उगवलंय. मी कुरखेड्याकडची. मला विचारायची गरज नव्हती.

ती बादली घेऊन आत आली. मी टोपली हातात धरून उभी.

"हे काय होय?" मी म्हटलं.

"काय?"

"मलेच विचारतं? डोरे फुटले का माहे? माह्या नाकाखाली दुसरी भोजली करून राह्यली तू. अन् तेबी पौषात. थोडी तरी लाज."

तिनं डब्याकडं पाहिलं आणि ती हसली. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंच आगीत तेल पडलं. "हे गहू नाई, भोजली. जव होय. पद्माचा नवा साल येऊन राह्यला. तिच्या गावात असेच चुलीजवळ जव उगवते, देवाजवळ ठेवते, मोठ्या मानसाच्या हाती देते. मलेबी कालच मालूम झालं."

"खोटं बोलून राह्यली."

"खोटं काऊन बोलू मी?"

मग माझं तोंड सुटलं. सलगमचं पाणी काढलं, चटणी काढली, खाट काढली, भामरागड काढलं. "मले कधी सांगितलं नाईस भामरागडचं. तिले सांगतं. मी काय मेलो होतो का? कर, तिलेच भोजली कर. मग माहं नाव टाकून दे." असं बरंच. ती बादली हातात धरून ऐकत राहिली. बर्फाच्या वजनानं तिचा खांदा वाकला होता. शेवटी तिनं ती खाली ठेवली आणि म्हणाली,

"ऐक, सुमन."

एवढंच. पुढं तिला काय सांगायचं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तळ्यावरच्या त्या दिवसानंतर तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. हजेरीत मास्तरांनी घेतलं, आईनं रागात घेतलं, गावानं घेतलं. तिनं नाही. मी खाली बसले. तिनं जीभ चावली, तोंडावर हात दाबला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नारळ," ती म्हणत होती, "नारळ कुठून आनू इथी? इथी कुठी भेटन नारळ?" बाहेर गुडघाभर बर्फ, बाजार खाली घाटात, गाडी बंद. आणि गाठ सुटलेली.

पद्मा लाकडांचा भारा घेऊन दारात आली तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसून रडत होतो. "क्या हुआ? कौन मर गया?" तिनं विचारलं. माझ्या भोजलीनं हुंदके देत तिला सगळं समजावलं, टोपली, तळं, कान, नाव, नारळ. पद्मा भारा खाली न ठेवताच ऐकत होती. मग म्हणाली, "नारियल ही क्यों?" हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "तोड़ना ही है ना? बाहर से लकड़ी, अंदर से सफेद?" तिनं भारा टाकला, आपली पेटी उघडली आणि आतून एक अक्रोड काढला. दाराच्या फटीत, बिजागरीजवळ धरला, दार हळूच ओढलं. कट्ट. गर दोन भागांत निघाला. एक तिनं माझ्या भोजलीच्या हातात दिला, एक माझ्या.

मी तोंड मिटून बसले होते. माझी भोजली माझ्या ओठांशी अक्रोड धरून म्हणाली, "खा नं भोजली." मी खाल्ला. काय करणार? तिनं हाक मारली होती. मीही तिला भरवला. इथंच सगळं संपलं असतं तर मी ही गोष्ट सुखानं सांगितली असती. पण तिनं डोळे पुसले, उठली, डब्यातली चार पिवळी पाती खुडली आणि मला म्हणाली, "आता माहं ऐक. मी हिले भोजली करून नवती राह्यली. माह्या मनातबी नवतं. पन अक्रोड हिचा, जव हिचे, अन् 'तिलेच कर' हे निंगालं तुह्याच तोंडून. आता मी करतो." आणि तिनं ती पाती पद्माच्या कानावर खोवली. पद्मानं तिच्या. वर आणखी एक अक्रोड फुटला, आणि पद्माच्या वाट्याला आलेला अर्धा माझ्यापेक्षा मोठा होता. मी पाहिलं होतं. "भोजलीची भोजली ते तुहीबी भोजली," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "माही ते पद्माच." करायला गेले एक आणि झालं भलतंच, माझ्या हातानं मी माझा एकटीचा हक्क वाटून दिला.

त्यानंतरचा हिवाळा कसा गेला हे मला विचाराल तर चांगला गेला. तिघींच्या खाटा बुखारीभोवती होत्या, मोहाचे शेवटचे लाडू पद्मानं सत्तूत कालवून पुरवून पुरवून खाऊ घातले, बर्फ कसा तुडवायचा, बुटात वर्तमानपत्र कसं कोंबायचं हे तिनं मलाही शिकवलं. मी शिकले. पण नाव घ्यायचं सोडलं नाही. पद्मा, पाणी दे. पद्मा, दार लाव. जोरात, स्पष्ट, त्या दुसरीला ऐकू जाईल असं. पुढं सगळ्यांची लग्नं झाली, माझी शाळेतली नोकरी झाली आणि संपली, पद्माच्या सफरचंदाच्या बागा झाल्या. माझ्या भोजलीच्या मुलाच्या लग्नाला पद्मा वरून आली, ऐन मे महिन्यात, वऱ्हाडी मंडळींसाठी लोकरीच्या टोप्या घेऊन. लोक हसले आणि तिच्याभोवतीच बसले. मी तिला सगळ्यांदेखत पद्माच म्हटलं, आणि ती मला सुमन म्हणायची. तिनं कधी तक्रार केली नाही. याचासुद्धा मला राग यायचा.

गेल्या उन्हाळ्यात माझी भोजली गेली. फार दिवस अंथरुणात नव्हती, तिनं कुणाकडून सेवा करून घेतली नाही. आमच्या रीतीप्रमाणं मी सुतक धरलं. तेरवीच्या दिवशी पद्मा आली. विमानानं नागपूरला, तिथून एसटीनं, पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, या वयात. गावच्या म्हाताऱ्या बायकांनी आम्हा दोघींना एका चटईवर बसवलं. "ह्या तिच्या भोजल्या होत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. मी मधे हातभर जागा ठेवून बसले. पंगती उठल्या, मांडवात वारा नव्हता, ऊन असं की अंगणातली माती तापून वास येत होता. तिची सून मला सुमनबाई म्हणत होती, मुलगा मावशी म्हणत होता. दिवसभर त्या घरात मला माझ्या खऱ्या नावानं, भोजली म्हणून, कुणी हाक मारली नव्हती. आता मारणारंच कुणी नव्हतं. हे मला दुपारी, चहाचे दोन कप हातात असताना कळलं.

पद्मा पायरीवर बसली होती, पाठमोरी. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. जन्मभर घेतलेलं नाव, पण ते येईना. मग जे आलं ते आलं.

"भोजली," मी म्हटलं, "चाय घे."

तिनं वळून पाहिलं, पण माझ्याकडं नाही. घराच्या दाराकडं पाहिलं, आतल्या खोलीकडं, जिथं गेलेली भोजली निजायची. मग दार रिकामंच आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझ्याकडं मान फिरवली. मी तिच्याशेजारी बसले. या वेळी जागा ठेवली नाही. तिनं कप घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली. थंडगार. त्या उन्हात, त्या गरम हातांच्या बाईचे हात थंडगार. मी ते दोन्ही हातांत धरले आणि चोळले, सरसूचं तेल नव्हतं, नुसतेच.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि पिशवीत हात घातला. "पूरी उमर मेरा नाम लिया तूने, भोजली," ती म्हणाली. "तेरे ऊपर तो अखरोट का पूरा पेड़ निकलेगा." एक अक्रोड काढून तिनं दाराच्या फटीत, बिजागरीजवळ धरला, आणि दार मी ओढलं. एक भाग तिनं मला भरवला, एक मी तिला. माझा मोठा होता. मी पाहून घेतलं.